अतिखराब ओढा

२९ जानेवारी, सोमवार

आज मी सचिव झालो.

किशनआबांनी सकाळी बोलावून घेतले. आबा म्हणजे गावातले सर्वांत मोठे शेतकरी. ओढ्याच्या खालच्या अंगाला त्यांचीच जमीन आहे. म्हणाले, "रुद्रा, तुझं अक्षर चांगलं हाय आन् तुला रोजचं काम न्हाई. सचिव हो."

पुण्याची एक संस्था गावच्या ओढ्यानाल्यांसाठी लहान निधी देते. त्याचे नाव लोकपुढाकार लघुनिधी. अट अशी की काम लोकांच्या पुढाकाराने झाले पाहिजे. आबा म्हणाले, लोकांचा पुढाकार मी घेतलेला आहे, तू फक्त कागद सांभाळ.

अर्ज चौदा पानी आहे. झरीला जाऊन त्याची झेरॉक्स काढून आणली. चुका झेरॉक्सवर होऊ देत, मूळ अर्ज स्वच्छ राहिला पाहिजे. माझी शाळा अकरावीत सुटली, पण शुद्धलेखनात माझा गुण कधी गेला नाही.

आईला सांगितले. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "देवानं तुला अक्षर दिलं. अक्कल पुढल्या खेपंला देनार आसंल."

२ फेब्रुवारी, शुक्रवार

समिती झाली. अध्यक्ष आबा. उपाध्यक्ष त्यांचा पुतण्या सूर्यभान, ज्याचा जेसीबी आहे. सदस्य म्हणून आबांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि भावकीतले तिघे. मग अर्जात दोन रकाने रिकामे दिसले: एक, आणखी एक महिला, दोन, पशुपालक कुटुंबातील एक सदस्य.

सूर्यभान म्हणाला, "भिवराबाईला घ्या. बाई बी झाली, मेंढरंवाली बी झाली. दोन रकाने, एक खुर्ची."

म्हणून मी माळावर गेलो. तिथे ग्यानबातात्या आणि भिवराकाकू पन्नासेक मेंढरे घेऊन राहतात. काकूंनी विचारले, "समितीत काय करावं लागतंय?"

"बैठकीला यायचं. अंगठा द्यायचा."

"मंग मतदानासारखंच हाय की," काकू म्हणाल्या, आणि कबूल झाल्या.

परतताना ओढ्याने आलो. तात्यांची एक रीत आहे. दुपारी मेंढरे बसली की हा माणूस बसत नाही. ओढ्यात आडवे दगड लावतो. त्यांचे वडील आश्रुबाही तेच करत. असे अकरा ठिकाणी बांध झाले आहेत, गुडघ्याएवढेच, चुना नाही की सिमेंट नाही. मागे गाळ धरला आहे. सातव्या बांधाच्या खाली वाळूत कमरेएवढा झिरा, म्हणजे पाझराचा खड्डा, आहे आणि त्याला मे संपेपर्यंत पाणी असते. बाकीचे मेंढरंवाले उन्हाळ्यात गोदावरीकाठी निघून जातात. हे दोघे त्या झिऱ्यामुळे गावात टिकून आहेत.

सर्व मोजून कच्च्या वहीत घेतले.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

बैठकीत अर्ज वाचून दाखवला. रकाना क्रमांक ९: ओढ्याची सद्यस्थिती. बरी, पाच गुण. मध्यम, दहा. खराब, वीस. अतिखराब, तीस. अकरा बांध पाहता मी 'मध्यम'वर खूण केली होती.

आबांनी चष्मा काढला. "मध्यम? आपल्या गावात मध्यम काय हाय रे? रस्ता मध्यम हाय? लाइटीचा डीपी मध्यम हाय? मंग एकट्या ओढ्यानंच कामून मध्यम व्हावं?"

सूर्यभान म्हणाला, पलीकडच्या गावाने अर्ज केला आहे आणि त्यांचा ओढा जन्मापासून अतिखराब आहे. "नशीब आसतंय एकेकाचं."

मी सांगितले की संस्थेच्या मॅडम स्वतः शिवारफेरी करणार आहेत. पान चौदावर स्पष्ट लिहिले आहे की खोटी माहिती आढळल्यास अर्ज रद्द होईल.

मग सूर्यभान म्हणाला, "खोटं कशाला लिहायचं? खरं करू."

त्याचा अर्थ कळल्यावर मला हायसे वाटले. अर्जात एकही खोटे अक्षर जाणार नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

श्रमदान झाले. हजर सव्वीस. सकाळी आठ ते दुपारी साडेचार. अकराही बांध काढून दगड रस्त्याकडेला रचले. नोंदवहीत "प्रवाहातील अडथळे दूर केले" असे लिहिले. सूर्यभानला शब्द आवडले.

अडचण एवढीच की दगड निघत नव्हते. पहारी लागल्या. भिवराकाकू काठावर हात बांधून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्या सासऱ्याच्या हातचा दगुड हाय. तो कुनाचं ऐकत न्हाई."

तात्यांनी मला बाजूला घेतले. "नवे बांधायचे म्हनून जुने काढायलेत?"

मी म्हणालो, हो, तांत्रिक पद्धतीने.

"मंग आदी नवे बांधा. आंगातला सदरा काढायच्या आदी दुसरा हातात आसावा, बाबा."

सूचना चांगली होती, पण मॅडम उद्याच येणार असल्याने वेळापत्रकात बसत नव्हती. तसे त्यांना समजावून सांगितले.

दगडांच्या खालची माती ओली होती. सातव्या ठिकाणी तर बोटाने दाबली की पाणी येत होते. ही नोंद कोणत्या रकान्यात करायची ते कळले नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

अर्पिता मॅडम आल्या. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. बूट चिखलाचे, वही पावसात भिजली तरी चालेल अशी. ओढा पाहून म्हणाल्या, "अरेरे. इतकी वाईट अवस्था मी या पट्ट्यात पाहिली नव्हती."

आबा कोणाच्या मातीला आल्यासारखे मान खाली घालून उभे होते.

मॅडमनी विचारले, "कधीपासून असं आहे हे?"

"लय दिवस झाले, मॅडम," आबा म्हणाले.

माझ्या हिशेबाने काल साडेचारपासून. पण प्रश्न आबांना विचारला होता.

२० मार्च, बुधवार

अर्ज मंजूर. रकाना ९ मध्ये तीसपैकी तीस. पलीकडच्या गावाला वीस. आबांनी पेढे वाटले. पलीकडच्यांच्या ओढ्याला नशीब होते, आमच्या ओढ्याला मेहनत होती, असे सूर्यभान म्हणाला.

काम सुरू होण्याआधी फलक लावण्याची अट आहे. पेंटरकडे दोन तास उभा राहून 'पुनरुज्जीवन' बरोबर लिहून घेतले.

२८ मार्च, गुरुवार

झिरा आटला.

तात्या छातीएवढा खोल उतरले होते. वर वाळू फेकत होते, वाळू ओली होती, पण पाणी धरत नव्हती. भिवराकाकू घागर घेऊन काठावर. मला पाहून म्हणाल्या, "दर साली मे सरंस्तोवर पुरायचा."

मी सांगितले की नवीन बांधांचे काम मे महिन्यात आहे, तसे वेळापत्रकात आहे.

"मेंढराला दाव की वेळापत्रक," त्या म्हणाल्या. रागाने नाही.

परवा ते मेंढरे घेऊन गोदावरीकाठी निघणार आहेत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. पाऊस पडला की परत येतील म्हणाले.

१४ मे, मंगळवार

काम जोरात आहे. अर्जात श्रमशक्ती असे लिहिले आहे, परंतु सूर्यभानचा जेसीबी रिकामा होता. मशीन बाभळीमागे चहाला थांबले की आम्ही फावडी घेऊन फोटो काढतो. मी घाम दिसावा म्हणून तोंडावर पाणी मारले. नंतर वाटले की पाण्याच्या कामात हा अपव्यय झाला.

चार नवे बांध आणि एक खोल डोह. सर्व आबांच्या शेताला लागून. मी संस्थेची पुस्तिका दाखवली. तीत लिहिले आहे की काम माथ्यापासून पायथ्याकडे करत यावे. आबा म्हणाले, "माथ्याला गाडी जाती का? न्हाई जात. मॅडमला चालवत न्यायचं का उन्हात?"

हा मुद्दा पुस्तिकेत विचारात घेतलेला नाही.

तात्यांचे दगड नव्या बांधांत वापरले. स्थानिक साहित्याचे तीन गुण वेगळे आहेत.

३ सप्टेंबर, मंगळवार

दोन दिवस पाऊस कोसळत होता. चारपैकी तीन बांध वाहून गेले. तात्यांचे दगड कुठे गेले ते सांगता येत नाही. कदाचित पलीकडच्या गावात.

डोह मात्र भरला. योगायोगाने आबांची विहीरही काठोकाठ आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार

जलपूजन झाले. डोहाला ओटी. मॅडमनी यशोगाथा मागितली, दीडशे शब्दांत. मी एकशे पन्नास शब्दांत लिहिली. वाहून गेलेल्या बांधांना जागा उरली नाही.

आई पूजेला आली होती. परतताना म्हणाली, "पानी गावाचं, पूजा गावाची. विहीर तेवढी आबाची."

मी म्हणालो, तांत्रिकदृष्ट्या पाझर कुठेही जाऊ शकतो.

"जातोय खरा," आई म्हणाली. "पर त्याला वाट कशी बरूबर माहीत आसती रे?"

२८ नोव्हेंबर, गुरुवार

शेवटच्या मूल्यांकनात चराईबंदीला पाच गुण आहेत. मीच लक्षात आणून दिले. आबांना कल्पना फारच पटली. ठराव असा: ओढ्याच्या दोन्ही काठांना पन्नास मीटरपर्यंत जनावरे चारण्यास व आणण्यास बंदी. "व आणण्यास" हे शब्द आबांनी घालायला लावले.

तात्या आणि काकू पावसाळ्यातच परत आले आहेत. काकू बैठकीला आल्या, खाली बसल्या आणि ठराव ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "झिरा तुमी मोडला. ऱ्हायला डोह. तितंबी येऊ नका म्हनता. मंग मेंढरानं पानी काय आबाच्या दारात प्यावं?"

सूर्यभान म्हणाला, "काकू, हे पर्यावरन हाय."

"आसंल बाबा. मी त्याला वळकत न्हाई."

इतिवृत्तात लिहिले: "सदस्यांनी चर्चेत उत्साहाने भाग घेतला. ठराव बहुमताने मंजूर."

१६ जानेवारी, गुरुवार

बंदी मोडल्याबद्दल पहिली नोटीस काढावी लागली. भिवराकाकूंच्या नावे. काल त्यांची मेंढरे डोहावर पाणी पिताना लक्ष्मीबाईंनी पाहिली.

नियमानुसार नोटिशीवर सर्व सदस्यांच्या सह्या लागतात. सहा झाल्या. सातवी राहिली ती भिवराकाकूंची.

मी नोटीस आणि शाईचा पॅड घेऊन माळावर गेलो. काकू हातपंपावरून डोक्यावर घागर आणत होत्या. कोकरांसाठी. पंप अर्ध्या कोसावर आहे. घागर खाली ठेवून म्हणाल्या, "वाच."

मी वाचली. पुन्हा असे घडल्यास गायरानातून मेंढरांचे वाडगे हलवण्याची शिफारस करण्यात येईल, इथपर्यंत.

"ही कुनाला दिलीया?"

"तुम्हाला."

"आन् आंगठा कुनाचा पायजे?"

"तुमचाच."

काकू तात्यांकडे पाहून म्हणाल्या, "आवो, ऐकलं का? मी मला काडायलीय." मग ओला हात पदराला पुसला आणि अंगठा दिला. कोपऱ्यात, जिथे मी बोट ठेवले होते तिथे. अगदी स्वच्छ उमटला.

नोटीस पूर्ण झाली, तिची पोच घेतली. तरी घरी येईपर्यंत काहीतरी राहून गेल्यासारखे वाटत होते. दोनदा तपासली. काही राहिलेले नाही.

६ मार्च, गुरुवार

मॅडमचा फोन. संस्थेने नवा निधी काढला आहे: पारंपरिक जलरचनांचे पुनरुज्जीवन. गावात जुने दगडी बांध, मेंढपाळांचे झिरे असे काही असेल तर प्राधान्य. त्यातही ज्याला ती कला येते असा माणूस जिवंत असेल तर वीस गुण.

आबांना सांगितले. ते बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत राहिले.

"आपल्याकडं किती व्हते?"

"अकरा."

"व्हते न्हाई. हायेत म्हन," आबा म्हणाले. "ग्यानबा जिता हाय ना?"

१० मार्च, सोमवार

आबा आयुष्यात पहिल्यांदा तात्यांच्या झोपडीत गेले. मी आणि सूर्यभान बरोबर. आबांनी शेळीच्या दुधाचा चहा घेतला आणि चांगला आहे म्हणाले, दोन वेळा.

मग मुद्दा काढला. "ग्यानबा, तुझ्या बापाची कला वाया जायलीय. आपल्याला ती जगवायचीय."

तात्या म्हणाले, "मागल्या साली पहारीनं जगवलीच की."

आबा हसले. सूर्यभानही हसला. तात्या हसले नाहीत.

काकू चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दगड लावू. जागा दावू. तुमच्या मॅडमसंगं बोलू बी. पर आदी त्यो बंदीचा कागद मोडा. नुसतं तोंडी न्हाई. जसा केला तसाच, लिहून, वाचून, सगळ्यांच्या सह्या घिऊन."

आबा म्हणाले, "येवढंच ना?"

"येवढंच."

वाटेत सूर्यभानने काळजी बोलून दाखवली. आबा म्हणाले, "आरं, पाच गुन तर मिळून गेले. आता बंदीला काय चाटायचं? निधी आला की परत लावू. कागद काय, रुद्रा हायेच लिहायला."

१२ मार्च, बुधवार

ठराव: चराईबंदी संपूर्णतः रद्द. सात सह्या. काकूंनी मला तो दोनदा वाचायला लावला. "व आणण्यास" हे शब्द रद्द झाले का ते वेगळे विचारले. झाले आहेत.

संध्याकाळी मेंढरे उघड्या रस्त्याने डोहावर गेली. आबा पडवीतून पाहत होते. त्यांचा चहा निवला.

२४ मार्च, सोमवार

आबांचे म्हणणे की श्रमदान लावून अकरा बांध एका दिवसात रचू. तात्या म्हणाले, "काडायला सव्वीस लागले. लावायला येक बास. त्याचं तोंड बंद आसावं."

समितीने मला दिले.

बारा दिवसांत दीड बांध झाला. मी दगड आणतो, तात्या नाकारतात. लावलेल्या दगडावर ते उभे राहतात, अंग हलवतात, आणि काहीच न बोलता उतरतात. म्हणजे काढायचा. मी त्यांना उताराचे माप विचारले, दगडाचे वजन विचारले. म्हणाले, "मेंढरू जितं उतरून पानी पितंय तितं लावायचा. माप त्याला इचार."

मी विचारले की पाणी किती दिवसांत येईल.

"माज्या बाला चार पावसाळे लागले."

मॅडम २ एप्रिलला येणार आहेत.

२ एप्रिल, बुधवार

सगळे लिहून ठेवतो. घाईत लिहितो आहे, अक्षराबद्दल क्षमस्व.

सकाळी नऊला सूर्यभानने टँकर आणून झिऱ्यात ओतला. दहा वाजता झिरा अर्धा झाला. परत ओतला. मॅडम साडेअकराला आल्या तेव्हा पाणी गुडघाभर होते आणि खाली जात होते, आबा मॅडमना भराभर चालवत होते.

मेंढरे पाणी प्यायला लागली. त्यांना टँकरचे वावडे नव्हते. मॅडमनी फोटो घेतले, तात्यांना उभे केले, त्यांच्या हातात दगड दिला. तात्यांनी तो पाहिला आणि बाजूला टाकला, लावण्याजोगा नव्हता.

मग मॅडमनी अर्ज उघडला. "रचना कशामुळे नष्ट झाली? हवामान बदल, दुर्लक्ष, की इतर?"

"हवामान," आबा म्हणाले. "लय बदललंय, मॅडम."

"आणि साधारण कधी? सचिव, तुमच्याकडे नोंद असेल."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. आबांनी डोळा बारीक केला. मी खोटे बोललो असतो, पण तारखा मला पाठ होत्या.

"२५ फेब्रुवारी, मागच्या वर्षी," मी म्हणालो. "तुम्ही सोमवारी आलात. आम्ही रविवारी काढले."

मॅडमचे पेन थांबले. झिऱ्यातले पाणी वाळूत शिरताना आवाज येतो हे मला आज कळले.

"म्हणजे मी ज्याचे फोटो नेले..." त्या म्हणाल्या. मग अर्ज माझ्याकडे दिला. "हे 'इतर'मध्ये येईल. तुम्हीच लिहा. वीस शब्दांची मर्यादा आहे."

लिहिले: संस्थेच्या फेरीत ओढा अतिखराब दिसावा म्हणून समितीने आदल्या दिवशी श्रमदानातून मेंढपाळांचे अकरा बांध काढले. झिरा त्यामुळे त्याच उन्हाळ्यात आटला.

एकोणीस झाले. विसावा सुचला नाही.

मॅडमची गाडी गेल्यावर आबा शांतपणे म्हणाले, "बंदी उठवल्याचं पान फाडून टाक. उद्या रजिस्टर घिऊन वाड्यावर ये. आन् त्या मेंढरांना आजपासून डोहावर बगितलं तर मी हाय आन् ती हायेत."

काकूंनी ऐकले. मेंढरांना घेऊन डोहाकडेच गेल्या.

३ एप्रिल, गुरुवार

रात्रभर विचार केला. रजिस्टरची पाने क्रमांकित आहेत. ४१ नंतर ४३ आले तर वाचणारा काय म्हणेल? मला ते सहन होणार नाही.

सकाळी झरीला ठरावाच्या चार नकला काढल्या. एक आपल्या ग्रामपंचायतीत दिली. मग परभणीला जाऊन एक पंचायत समितीत आणि एक तहसील कार्यालयात दिली. तहसीलमधले बाबू म्हणाले, "हे आमच्याकडं कशाला?" मी म्हणालो, "माहितीस्तव." या शब्दाला कोणत्याही कार्यालयात नाही म्हणता येत नाही, त्यांनी शिक्का मारला. चौथी नक्कल स्पीड पोस्टाने संस्थेला.

दुपारी चारला आबांकडे रजिस्टर आणि तीन पोचपावत्या, पोस्टाच्या पावतीसह, ठेवल्या. सांगितले की पान फाडता येईल, पण ते आता चार ठिकाणी आहे.

आबांनी शिक्के एक एक करून पाहिले. मग मला विचारले, "तुला हे कुनी शिकवलं?"

मी म्हणालो, पुस्तिकेत आहे. पान सहा.

९ एप्रिल, बुधवार

संस्थेचे पत्र आले. अर्ज नामंजूर. सचिवांच्या प्रांजळपणाबद्दल अभिनंदन. आमचे उदाहरण नाव न घेता प्रशिक्षणात वापरणार आहेत. मागील प्रकल्प मात्र 'यशस्वी' असाच नोंदलेला राहील, कारण त्याचे वर्ष बंद झाले असून नोंदीत बदल करता येत नाही.

मी पत्र आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हंजी ते बी तुज्यासारकेच हायेत."

११ एप्रिल, शुक्रवार

बैठक. विषय एकच: सचिव बदलणे.

सूर्यभान नवा सचिव. पण ठराव लिहायला बसला आणि तिसऱ्या शब्दाला अडला. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवले. मीच लिहिला. 'काढून टाकण्यात आले' असे आबांनी सांगितले होते, मी 'कार्यमुक्त करण्यात आले' असे केले. अर्थ तोच आहे.

सहा सह्या झाल्या. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. "वाच," म्हणाल्या.

मी दोनदा वाचला. त्यांनी दोन्ही वेळा नीट ऐकला. मला खात्री होती की त्या अंगठा देणार नाहीत आणि त्या विचाराने मला बरे वाटत होते. त्यांनी पॅड पुढे ओढला.

"दिती की," त्या म्हणाल्या. "दुपारची मेंढरं बसली की दगड द्याया आमाला मानूस लागतंय. सचिवाला कुटं टाइम आसतोय."

सूर्यभान हसला आणि आबांकडे पाहून थांबला.

आबांनी विचारले, "मेंढरं कुटं हायेत तुजी आत्ता?"

"डोहावर. पानी प्यायलेत."

आबा उठून उभे राहिले, पडवीपर्यंत गेले, तिथून डोहाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि परत येऊन खुर्चीत बसले. पुढचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

मी सव्वाबाराला माळावर पोचलो. तात्यांनी मेंढरांकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "उशीर केलास. कवाच बसलीत."